काही राह्यलं तं सांग

शेवटचं साधं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते गाडीचं तेल बदलायचं. शनिवारची संध्याकाळ होती. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. बेसाच्या वावरात कडुनिंबाखाली गाडी उभी होती. इंजिन आधी पाच मिनिटं चालवून घ्यायचं, म्हणजे तेल गरम होऊन पातळ होतं. मग गाडीखाली शिरायचं आणि तळाचा नट पान्यानं सोडायचा. नट सोडणारा मी. डबा धरणारी माझी बायको, पंचफुला.

हे काम लोकांना सोपं वाटतं. नट निघाला की तेल सरळ खाली पडत नाही. धार जोरानं लांब जाते. मग आतलं तेल कमी होत जातं तशी ती जवळ जवळ येते, आणि शेवटी थेंब थेंब नटाच्या बरोबर खाली पडतात. म्हणजे डबा धरणाऱ्यानं धारेच्या संगं मागं मागं सरकत यायचं. घाई केली तरी सांडतं, उशीर केला तरी सांडतं. पंचफुलानं अकरा वर्षं डबा धरला, जमिनीवर थेंब पडू दिला नाही. मोठमोठ्या गॅरेजातल्या मिस्तऱ्यांना मी हे सांगितलं, ते हसले. हसू द्या. त्यांच्या गॅरेजची जमीन पाहा जाऊन.

"अवो, नट एकदम नोका काढू," ती म्हणाली. "मागच्या खेपेले माह्या मनगटावर आलं."

"माह्यावर भरवसा नाही काय वं?"

"तुमच्यावर हाय. नटावर नाही."

धार पडली, जवळ आली, थेंबावर आली. तिनं डबा दोन्ही हातांनी उचलून निंबाच्या बुडाशी ठेवला, वर पाटी झाकली, आणि पदरानं कपाळ पुसत दर वेळी म्हणायची तेच म्हणाली. "कोन्या मुर्दाडानं थ्या तळ्यात ओतलं असन बाप्पा. त्याचे हात कसे नाही झडले?"

मी पाना चिंधीनं पुसत राहिलो. हात माझे होते. झडले नव्हते.

रविवारी दुपारी ती गेली.

परवा मी बर्डीच्या बाजारात गेलो होतो. शिंगाडे आलेत. टोपल्यात खाली हिरवे-लाल कच्चे, वर उकडलेले काळे, ओलं फडकं टाकून. प्रत्येकाला दोन शिंगं, म्हशीच्या तोंडावाणी. हातगाड्या, सायकलरिक्षे, सगळं तसंच चाललं होतं. विकणारी बाई म्हणाली, "घ्या न बाबाजी, लोण्यावानी हायत." मी एक उचलला आणि नाकाला लावला. ती हसली. "वास काहून घेता? अत्तर हाय काय थे?"

तिला काय सांगू. बारा वर्षं झाली, मी शिंगाडा हुंगल्याशिवाय खात नाही.

लोकांना या दिवसांत गुलाबी थंडी आठवते, हुरडा आठवतो. मला शिंगाडा आठवतो. काळं साल दातानं फोडलं की आतला पांढरा गर, थोडा गोड, थोडा चिखलाचा. ज्यानं तळ्याकाठी बसून गरम शिंगाडे खाल्ले नाहीत त्याला आमच्याकडचा हिवाळा कळलाच नाही, असं माझं ठाम मत आहे. बोटं काळी होतात, दोन दिवस जात नाहीत. तेलानंही काळी होतात. ती त्याहून जास्त दिवस राहतात.

आमची गाडी म्हणजे दवाखान्याची जुनी गाडी. सरकारी लिलावात निघाली, मी घेतली. पांढऱ्या रंगाचे तीन हात मारले तरी उन्हात दारावरची लाल फुली वर यायची. धंदा बत्ती-भोंग्याचा. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, पाळणे येतात, जिलबी तळतात, रात्रभर दंडारीचं नाचगाणं चालतं. तेव्हा कितीक गावांत विजेची तार पोचली नव्हती. गाडीत जनरेटर, बल्बांच्या माळा, दोन भोंगे, एक माईक. आम्ही पोचलो की गावातले म्हातारे अंगणात येऊन म्हणायचे, बत्ती आली. आमचं नावच तसं पडलं. मी बत्तीवाले भाऊ, ती बत्तीवाली बाई.

आधी शहरात इतवारीकडे एक खोली होती. वर्षातले नऊ महिने तिला कुलूप. एकदा परत आलो तर कुलपात मुंग्यांनी घर केलेलं, किल्ली जाईना. मी शिव्या देत होतो. पंचफुला वाकून पाहून म्हणाली, "पाहा, ज्याले गरज हाय थो राहून राह्यला. आपुन कायले जागा अडवून ठेवली?" त्याच महिन्यात खोली सोडली. गाडीत दोन फळ्या टाकल्या, एकीवर झोपायचं, एकीखाली भांडी. पावसाळ्याचे तीन महिने, आणि मधेमधे काम नसलं की, बेसाला मारोतरावांच्या वावरात. मारोतराव तिथला शेतकरी, माझ्याच वयाचा. त्याच्या दोन्ही पोरींच्या लग्नात बत्ती मी लावली आणि त्यानं निंबाखालची जागा दिली. कागद नाही, शब्द.

लेकरू झालं नाही. दोन दवाखाने केले, तीन देव केले, मग आम्हीच म्हटलं पुरे.

लोक बोलायचेच. पंचफुलाचा भाऊ तर तोंडावर म्हणाला, "माणसानं माणसावानी राहावं भाऊजी. हे कुत्र्यामांजराचं जिणं झालं. जिथं थांबलं तिथं घाण, मंग चालले पुढं." मी उत्तर द्यायच्या आत ती म्हणाली, "दादा, तुह्या घरामागची नाली पाह्यली काय रे कधी? तिची घाण कोठं जाते, तुले तरी मालूम हाय काय? माही घाण मले मालूम हाय, कुठं हाय थे."

आता रेडिओवर सारखं पर्यावरण पर्यावरण म्हणतात. मी चौथी शिकलेला माणूस. तो शब्द मला लिहिता येतो, तोंडात बसत नाही. पण गाडीत राहणारा माणूस जमिनीला किती जड पडतो, एवढं मी सांगू शकतो, आणि छातीठोक सांगतो, कारण मी तसा राहिलो आहे. सांगणारे राहिलेले नाहीत.

पाणी दिवसाला दोन गुंड. पाहुणा आला तर तिसरा. डोक्यावरून आणलेलं पाणी माणूस सांडत नाही, नळाचं सांडतो. ती भांडी राखेनं घासायची आणि पहिलं खळबळलेलं पाणी जवळ जे झाड असेल त्याला. आमच्या आंघोळीवर बेसाला एक पपई उभी राहिली, मारोतरावांची नातवंडं खायची. चुलीला तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, नाहीतर वाळकी काटकी. हिरव्या फांदीला तिनं हात लावू दिला नाही. राख डब्यात भरून घ्यायची आणि पुढच्या गावात कोणाच्या वांग्यांवर किडीसाठी टाकायला द्यायची. परसाकडे जाताना लोटा आणि खुरपं, खड्डा करून वर माती. लिहायला लाज कशाची. बंगल्यातले लोक साखळी ओढतात आणि समजतात की संपलं.

पण गाडी म्हणजे बैल नाही, हेही मला कबूल आहे. बैलाचं शेण कामाला येतं, गाडीचा धूर येत नाही. बेसाच्या निंबाची एक डहाळी आमच्या धुराड्याच्या बरोबर वर होती, ती वाळायला लागली. पंचफुलानं मला धुराड्याला नळी लावून तोंड फिरवायला लावलं. मग दुसऱ्या अंगाची डहाळी वाळली. "आता?" मी म्हटलं. "आता कमी चालू ठेवा," ती म्हणाली. एवढंच. आणि भोंगा. झाडावर चढून भोंगा बांधायचा तर आधी ती खालून सगळं झाड पाहणार. घरटं दिसलं की झाड बदल. गावचे पंच ताटकळायचे. "बाई, पाखरं काय दंडार आयकत नाहीत काय?" ती म्हणायची, "तुमच्या कानाशी भोंगा लावून पाहू काय?"

आता गावोगावी तार गेली. लोक म्हणतात, कशी स्वच्छ बत्ती, बटन दाबलं की लागली. कोराडीच्या वीजघराकडे जाऊन पाहावं त्यांनी, कोळशाच्या गाड्यांच्या रांगा आणि राखेचे ढीग. बत्ती लावली की राख कुठंतरी पडतेच. आमची आमच्याच बुडाखाली पडत होती, म्हणून दिसत होती.

गाव सोडायची तिची एक रीत होती. ती मी आणखी कोणात पाहिली नाही. सामान भरून झालं की गाडी दहा पावलं पुढं घ्यायची. मग ती उतरून गाडी उभी होती ती सगळी जागा झाडायची, चाकांचे खड्डे बुजवायची, चुलीच्या जागेची माती उलटी करायची आणि वर शेणाचा हात फिरवायची. चार-पाच हात लांब, तेवढीच रुंद, सारवलेली जागा. मग उकिडवं बसून जमिनीवर तळहात ठेवायची आणि म्हणायची, "जातो वं माय. काही राह्यलं तं सांग."

आणि थांबायची. खरंच थांबायची. मी वर बसून किल्लीशी खेळत असायचो. अर्धा मिनिट, एक मिनिट. बहुतेक वेळा काहीतरी आठवायचंच. झाडाच्या खोडात खोचलेला कंगवा, दोरीवरचं फडकं, विहिरीवर राहिलेला दोर. "पाहा, सांगतलं न तिनं," म्हणत ती आणायला जायची. मी हसायचो. पण आमची एक वस्तू कुठं हरवली नाही, हे खरं.

आता ते तळं.

उमरेडच्या अंगाचं एक गाव. नाव लिहीत नाही, माणसं जिवंत आहेत. आणीबाणी उठली त्या सालची मंडई. गावाबाहेर मोठी बोडी, म्हणजे तळं, आणि पूर्ण तळ्यात शिंगाड्याचे वेल. पाण्यावर हिरव्या चटईसारखी पानं. ते तळं मासे धरणाऱ्या ढिवराच्या दोन घरांकडे होतं. एक गिरजाबाई, विधवा, पस्तिशीची, आवाज पहाडी. दुसरा तिचा धाकटा दीर शालिक. नवरा मेल्यावर तिनं दिराच्या खांद्याला खांदा लावून तळं चालवलं. दोघं दोन डोंग्यांत बसून शिंगाडे तोडायचे आणि पाण्यावरून एकमेकांना चिडवायचे. "वयनी, तुह्या डोंग्यात शिंगाडे कमी अन् तूच जास्त भरली!" "तुह्या डोंग्यात तं दोन्ही कमी हाय गा, वारा आला तं उडशीन!" काठावर बसून पंचफुला हसून हसून लोळायची. गिरजाबाईची आणि तिची पहिल्या दिवशीच गट्टी जमली.

आमची गाडी तळ्याच्या वरच्या अंगाला उभी होती, जिकडून पाणी तळ्यात उतरतं त्या नालीजवळ. मंडईच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंचफुला गिरजाबाईच्या घरी शिंगाडे उकडायला गेली होती. मी इंजिनचं तेल सोडलं. तेव्हा मी ते कुठंही सोडायचो. सगळेच ड्रायवर सोडतात. नालीच्या काठाला खड्डा केला, त्यात सगळं काळं तेल जाऊ दिलं, वरून माती आणि तणस टाकलं. तिला ते तेल कुठं जातं हे माहीत नव्हतं आणि तिनं विचारलंही नव्हतं. तोपर्यंत इंजिन माझं होतं, जागा तिची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जागा सारवली. तळहात ठेवला. "जातो वं माय. काही राह्यलं तं सांग." आणि थांबली. माझी नजर तणसाकडे गेली. मी किल्ली फिरवली, हॉर्न वाजवला. "चाल न वं, उशीर होऊन राह्यला." ती उठून बसली गाडीत.

दोन दिवसांनी अवकाळी पाणी आलं. आम्ही दोन गावं पुढं होतो. आठवड्यानं बाजाराच्या दिवशी त्याच रस्त्यानं परतलो तर तळ्याच्या काठावर माणसं जमलेली. पाण्यावर मोरपंखासारखे रंग फिरत होते, निळे, जांभळे. दिसायला सुंदर. पानं काळी, चिकट. गिरजाबाईनं एक शिंगाडा फोडून पंचफुलाच्या नाकाशी धरला. "हुंग बाई, हुंग. इंजिनचा वास मारते. बाजारात कुत्रंबी तोंड लावत नाही. साल गेलं माहं." मीही हुंगला. मला फोडून हुंगायची गरज नव्हती.

इंजिन त्या गावात एकाच माणसाकडे होतं. शालिकनं त्याच महिन्यात हरभऱ्याला पाणी द्यायला तेलाचं इंजिन भाड्यानं आणलं होतं. भर माणसांत गिरजाबाई दिराला म्हणाली, "तूच ओतलं. तुले पूर्ण तळं पाह्यजे. भावाच्या मागं मले काढाचं हाय." शालिक गळ्याची शपथ घेत होता. तोतरा झाला होता. कोणीतरी म्हणालं, बत्तीवाल्याची गाडीबी होती न वरच्या अंगाले. गिरजाबाई त्या माणसावर उसळली. "बत्तीवाली बाई राखबी भरून नेते. जा, तिची जागा पाहून ये, देवघरावानी सारवेल हाय. थे काय तेल सांडन?"

लोक खरंच पाहून आले. सारवलेल्या जागेपासून वीस हातांवर माझा खड्डा होता. सारवण पाहून कोणी पुढं गेलंच नाही.

मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. भीती मला गिरजाबाईची नव्हती, गावाचीही नव्हती. चार शिव्या, दोन लाथा, खाऊन घेतल्या असत्या. माझ्या बाजूला पंचफुला उभी होती, आणि गिरजाबाईनं तिच्या सारवणाची शपथ खाल्ली होती. मी बोललो असतो तर तिनं पुन्हा कोणत्या जमिनीवर तळहात ठेवला असता? तेवढ्यासाठी गप्प बसलो. असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे भ्यायलो.

त्याच दिवशी गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "आपल्या गाडीतूनबी तेल निघत असन न? थे कोठं टाकता तुमी?"

"टाकतो कोठीतरी."

"आता नोका टाकू. मी डबा धरतो."

तिथून अकरा वर्षं. काळं तेल डब्यात आणि डबा गावोगाव. बैलबंडीच्या चाकाला वंगण, गोठ्याच्या खांबाला वाळवीसाठी, कुठं रहाटाला. शेतकरी वाट पाहायचे, बाई तेल आणलं काय. आमचं नाव झालं. एका गावच्या गुरुजींनी तर माईकवरून सांगितलं की स्वच्छता शिकायची तर यांच्याकडून शिका. भोंगा माझाच. मी हात जोडून उभा.

आणि तळ्यात बांबू उभे राहिले. गिरजाबाईनं तळ्याच्या मधोमध बांबूंची ओळ रोवली. इकडचं तिचं, तिकडचं शालिकचं. कुजले की ती नवे रोवायची. दर साली मंडईला आम्ही गेलो की पहिली ती ओळ दिसायची. दोन डोंगे, दोन काठ, चिडवाचिडवी बंद. पंचफुला दर साली गिरजाबाईला समजवायची. "अवं, शपथ घेतली न त्यानं. दिरावर असा दावा धरते काय?" गिरजाबाई म्हणायची, "मंग कोणं ओतलं? सांग. नाव सांग, मी आज बांबू काढतो." पंचफुला माझ्याकडे पाहायची, म्हणजे सहजच पाहायची, तुम्ही तरी सांगा काहीतरी, अशी. मी बिडी पेटवायचो.

एक साल शालिकच्या पोरीचं लग्न लागलं. बत्ती माझी. गिरजाबाई गेली नाही. मांडवात बसून होतो तर शालिक आला, हळूच म्हणाला, "बत्तीवाले भाऊ, एक भोंगा वयनीच्या घराकडं फिरवून द्या. लग्नाले नाही आली तं नाही आली. तिले मंगलाष्टकं तं आयकू येऊ द्या. पोरगी तिनंच लहानाची मोठी केली."

मी शिडी लावली, चढलो, भोंगा फिरवला. माझ्या आयुष्यात मी एवढं जड काम केलं नाही. खाली पंचफुला शिडी धरून उभी होती, डोळे पुसत. "आणखी थोडा गिरजाबाईकडं फिरवा," ती म्हणाली. मी आणखी थोडा फिरवला.

शनिवारी तेल बदललं तेव्हा मंडई चार दिवसांवर होती, त्याच गावची. मी ठरवलं होतं या खेपेला सांगायचं. तसं मी दर साली ठरवायचो.

रविवारी सकाळी ती चहाची कपबशी खाली ठेवून म्हणाली, "छातीवर कोणं दगड ठेवला वाटते." मी तिला गाडीतच मागच्या फळीवर झोपवलं आणि धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. गाडी आपल्या जुन्या कामावर गेली. दारावर उन्हात लाल फुली वर आली होती, ती पाहून रिक्षेवाल्यांनी वाट दिली. डॉक्टर भला माणूस होता, जेवढं करायचं तेवढं केलं. मध्ये एकदा तिनं डोळे उघडले. मला वाटलं आता सांगावं. ती म्हणाली, "डब्यावर पाटी ठेवली न?" मी म्हटलं, ठेवली. त्यानंतर ती बोलली नाही. दिवस मावळायच्या आत घाटावरून सगळं आटोपून मी बेसाला आलो.

सोमवारी सकाळी उठलो. आंघोळ केली. गाडी दहा पावलं पुढं घेतली. मारोतराव दातण चावत बांधावर आला.

"काहून गा? काल बाई गेली, अन् आज गाडी काढून राह्यला? तिसरा तं होऊ दे. लोक काय म्हणतीन?"

"म्हणू दे लोकायले. माहं एक काम राह्यलं."

"मी येऊ काय संगं?"

"नाही. मले थोडं शेण दे."

तो घमेलं भरून घेऊन आला. मी जागा झाडली. चाकांचे खड्डे बुजवले. चुलीची माती उलटी केली. शेणाचा हात मला येत नाही, वेडावाकडा फिरला. मारोतरावानं तोंड फिरवून घेतलं. मग मी उकिडवा बसलो, गुडघे वाजले, आणि जमिनीवर तळहात ठेवून आयुष्यात पहिल्यांदा ते म्हटलं. जातो वं माय. काही राह्यलं तं सांग.

थांबलो. जमीन काही बोलली नाही, हे मी खरं लिहितो. मी लहान पोर नाही. पण घाई न करता थांबलं की माणसालाच आठवतं. निंबाच्या बुडाशी शनिवारचा डबा होता, वर पाटी. मी तो उचलून गाडीत ठेवला आणि तळ्याचा रस्ता धरला.

ऊन वर आलं तेव्हा पोचलो. गिरजाबाई डोंग्यात होती, आता केस पिकलेले. पलीकडच्या अंगाला शालिक. मधे बांबू. गाडी पाहून ती पाण्यातूनच ओरडली, "आली काय बत्ती? दोन दिवस आंधीच? बाई कोठं हाय?"

"गेली."

"कोठी गेली?"

"मेली. काल दुपारी."

तिच्या हातातला वेल पाण्यात पडला. ती डोंगा लोटत काठाला आली, बाहेर निघाली, ओल्या लुगड्यानं माझ्यासमोर उभी राहिली. तिला रडू फुटायच्या आत बोललं पाहिजे होतं, नाहीतर ती मलाच धीर देत बसली असती. मी डबा काठच्या पारीवर ठेवला, पाटी काढली.

"थ्या साली तळ्यात गेलं थे ह्याच गाडीचं तेल. म्या सोडलं होतं. नालीच्या काठाले खड्डा करून. शालिकनं नाही."

तिनं डब्याकडे पाहिलं. मग वाकली आणि वास घेतला.

"बाईले मालूम होतं?"

"नाही."

"खरं सांग बत्तीवाल्या."

"तिले कधीच नाही सांगतलं."

"बरं केलं," ती म्हणाली. "तिची जागा पाहून म्या तुह्यं नाव नाही घेतलं. दिराचं घेतलं." मग तिनं हात लांब करून तळ्याकडे दाखवलं. भाऊ म्हणणं, तुम्ही म्हणणं, सगळं संपलं होतं. "थे बांबू दिसते? तुह्या तेलानं रोवले थे. उपट."

"मले सुतक हाय गिरजाबाई. पाण्याले शिवू काय?"

"अकरा सालापासून माह्या घराले सुतकच हाय. उतर."

मी सदरा काढून पारीवर ठेवला आणि उतरलो. पाणी थंड होतं, छातीपर्यंत. तळाशी चिखल आणि जुन्या शिंगाड्यांचे काटे, पायाला टोचत होते. पहिला बांबू दोन्ही हातांनी हलवून हलवून काढला आणि काठाकडे ढकलला. दुसरा काढला. पलीकडून शालिक डोंग्यात उभा राहून पाहत होता. "काय करून राह्यले भाऊ?" तो ओरडला. मी तिसरा काढला.

गिरजाबाई ओरडली. "इकडं ये रे शालिक! आयकून घे हा काय म्हणते थे!"

अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याला नावानं हाक मारली. शालिकच्या हातातला डोंगा लोटायचा बांबू पाण्यात तसाच राहिला. डोंगा जागच्या जागी गोल फिरला. मग तो हळूहळू आमच्याकडे वल्हवू लागला.

मी थांबलो नाही. चौथा काढला. पाचवा जुना होता, आतून कुजलेला. जोर लावला तर मधूनच तुटला. वरचा अर्धा हातात आला, खालचा चिखलात राहिला. तो वरून कोणालाही दिसला नसता. मी हातातला तुकडा काठाला फेकला, श्वास धरला, पाण्याखाली वाकलो आणि चिखलात हात घालून राहिलेला शोधू लागलो.